पारखफांदी

त्या रानात एकच मोठं झाड होतं आणि रानातलं सगळं धान्य त्या झाडाच्या ढोलीत होतं. सुगीत प्रत्येक पाखरानं वेचलेल्या दहा दाण्यांतला एक दाणा ढोलीत आणून टाकायचा, असा रिवाज होता, आणि मोरापासून मुनियेपर्यंत सगळे तो पाळत. ढोली इतकी खोल होती की तिचा तळ कुणी पाहिलेला नव्हता. कधी वाऱ्याबरोबर आतून कुबट वास येई. तो झाडाचाच वास आहे, असं तेव्हा सांगण्यात येई.

हा रिवाज एका दुष्काळातून आला होता. त्या साली पिलं घरट्यातल्या घरट्यात वाळून गेली. जी पाखरं उरली ती झाडाखाली जमली, रडली, भांडली आणि शेवटी त्यांनी एक ठराव केला. सुतार पक्ष्यानं तो चोचीनं बुंध्यावर कोरला: ‘या झाडाच्या सावलीत कुणाचंही पोट रिकामं राहणार नाही.’ ओळ एवढीच होती. ती कोरायला सुताराला अख्खा दिवस लागला आणि त्याची चोच कायमची बोथट झाली, पण त्याबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही.

पहिली काही वर्षं ठरावाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. भूक लागलेलं पाखरू यायचं, ढोलीत चोच घालायचं, चोचभर दाणे घेऊन जायचं. मग धान्यप्रमुख म्हणून बगळ्याची नेमणूक झाली. बगळा दाणा खात नाही, मासे खातो, तेव्हा दाण्याच्या बाबतीत तो निःपक्षपाती राहील असं सगळ्यांना वाटलं. जे तो खात नाही त्याची भूकही त्याला कधी लागलेली नाही, ही गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही.

बगळ्याला एकच काळजी होती. भुकेल्यांच्या गर्दीत एखादं भरल्या पोटाचं पाखरू चोचभर दाणे घेऊन गेलं तर? या काळजीनं तो एका पायावर उभा राहून पुष्कळ विचार करी. त्या विचारातून पारखफांदी निघाली.

पारखफांदी म्हणजे झाडाच्या अगदी वरच्या अंगाची एक बारीक, लवचीक फांदी. तिच्या टोकाखाली चार बोटांवर कोळ्याकडून एक धागा ताणून घेतलेला होता. ज्याला धान्य हवं त्यानं स्वतः येऊन फांदीच्या टोकावर बसायचं. फांदी वाकून धागा तुटला तर पोट भरलेलं, धागा शाबूत राहिला तर रिकामं. अशा तीन सकाळी सलग बसायचं, आणि तिन्ही सकाळी धागा राहिला तर तिसऱ्या सकाळी एक हिरवं पान मिळायचं. पान दाखवलं की रोज चोचभर दाणे. पान वाळलं की पुन्हा तीन सकाळी.

पारख चालू असताना बगळा फांदीकडे पाठ करून उभा राही. धाग्याचं दुसरं टोक त्याच्यासमोरच्या डहाळीला बांधलेलं असे आणि त्याचे डोळे त्या टोकावरून हलत नसत. “चेहरा पाहिला की दया येते,” तो म्हणे, “आणि दया आली की न्याय बिघडतो.” निकाल पुकारायला राघू होता. त्यालाही धाग्याकडेच बघण्याची ताकीद होती. ही व्यवस्था सभेला फार आवडली. इतकी स्वच्छ व्यवस्था याआधी रानात कधी झाली नव्हती.

पहिल्याच महिन्यात फुलांतला मध पिणारे शिंजीर ओळीनं पात्र ठरले. शिंजीर अंगठ्याएवढा, तो बसला काय आणि उडाला काय, फांदीला पत्ता लागत नसे. दाणा तो खातच नाही. त्याच्या वाट्याचे दाणे कुठे जात, हे राघूच्या भरलेल्या गळ्याकडे पाहिलं की कळे. उलट सहा दिवसांचा उपाशी म्हातारा सारस कसाबसा वर चढला, तर त्याच्या नुसत्या हाडांनी फांदी अशी वाकली की धागा तुटून लोंबायला लागला. ‘भरलेलं पोट,’ राघू ओरडला. सारस उतरून तळ्याकडे गेला, आणि पुढे तो कुणाला दिसला नाही.

ठकू ही त्याच रानातली एक चंडोल. चंडोल जमिनीचं पाखरू. ढेकळाच्या आडोशाला गवताची वाटी करायची, तिच्यात अंडी घालायची आणि आसपासच चरायचं. झाडाशी त्याचा संबंध सुगीतल्या दाण्यापुरता. त्याच्या मागच्या बोटाची नखी लांब आणि सरळ असते. ती ढेकळांवर चालायला चांगली, फांदी धरायला कुचकामी. ठकूच्या नवऱ्याला ससाण्यानं भर दुपारी आभाळातून उचलून नेलं, तेव्हा तिच्या पोटात अंडी धरलेली होती. त्यात गवत करपलेलं, किडामुंगीसुद्धा जमिनीत खोल गेलेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

तिची शेजारीण होती टिटवीमावशी. आभाळ कोसळेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, असं म्हणून सगळं रान तिला हसायचं. पण ठकूचं आभाळ कोसळलं तेव्हा धावून आली ती टिटवीच.

“जा की ढोलीवर,” मावशी म्हणाली. “धा दाण्यांतला एक तू बी टाकलास, तुझ्या नवऱ्यानं बी टाकला. आता लाजतीस कशाला?”

“मावशे, तू का जात न्हाईस मग?”

“गेलते की. मला मागचं बोटच न्हाई धड, फांदी धरू कशानं? बसले आन् पडले खाली. तर त्यो राघू काय वरडला ठावं हाय? ‘टिटवी, गैरहजर.’ मी त्याच्या म्होरं उताणी पडलेली, आन् गैरहजर.”

ठकूला हसू आलं. त्या महिन्यातलं ते तिचं शेवटचं हसू. दुसऱ्या सकाळी ती झाडावर गेली.

रांग लांब होती. रांगेवर दुभंगल्या शेपटीचा कोतवाल पहारा करत होता. ठकूची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सरळ नखीनं ती फांदी कशीबशी धरून बसली, पंख अर्धे उघडून तोल सावरला. पोटातल्या अंड्यांच्या भारानं फांदी हळूहळू खाली गेली आणि धागा तुटला.

“भरलेलं पोट,” राघू ओरडला.

“सरकार,” ठकू म्हणाली, “ह्ये पोट दाण्यानं न्हाई भरलं. अंडी हायेत आत. मी चार दिस झाले काय खाल्लं न्हाई.”

बगळा वळला नाही. “फांदीला वजन कळतं, बाई. ते कशाचं, हे तिला कळत नाही. आज तुमच्यासाठी फांदीनं पोटात डोकवायचं ठरवलं, तर उद्या जो तो पोटात काहीतरी असल्याचं सांगेल.”

“मग मी काय करू?”

“मोकळ्या व्हा आणि या,” बगळा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तिटकारा नव्हता. तो रागावला असता तरी ठकूला बरं वाटलं असतं, कारण रागवायला निदान समोरच्याकडे बघावं लागतं.

तिनं तीन अंडी घातली. चार घालायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. मोकळी झाली, हलकी झाली, आता फांदी वाकणार नव्हती. पण अंडी उबेवाचून टाकून तीन सकाळी रांगेत उभं कसं राहायचं? मावशी म्हणाली, “मी बसते. माझं तरी काय अडलंय? गैरहजर बाईला येळच येळ.” आणि तीन सकाळी टिटवी चंडोलाच्या अंड्यांवर पंख पसरून बसली. स्वतःसाठी चरायला त्या तीन सकाळी तिला जाता आलं नाही. भुकेला कोंडा म्हणतात, इथे कोंडाही नव्हता.

तिसऱ्या सकाळी ठकूला पान मिळालं. चोचभर दाण्यांतले निम्मे तिनं मावशीपुढे टाकले. मावशीनं दोन घेतले आणि बाकीचे पायानं तिच्याकडे परत सरकवले. त्यावरून दोघी थोडं भांडल्या. त्या आठवड्यातलं सुख म्हणायचं तर तेवढंच.

पिलं बाहेर आली. तिघंही उघडी, आंधळी, अंगावर पिसाचा पत्ता नाही. नुसती लाल तोंडं. वाटीशी सावली हलली की तिन्ही तोंडं एकदम उघडायची. ठकू आपले चोचभर दाणे दगडावर चेचून त्या तोंडांत वाटून टाकी आणि स्वतः दवावर दिवस काढी. एकाचं अन्न चौघांत पुरत नाही, हे कळायला कुणाची पारख लागत नाही. म्हणून ती पुन्हा झाडावर गेली.

“सरकार, माझी तीन पिलं हायेत. त्यांचा दाणा द्या.”

“अवश्य,” पाठमोरा बगळा म्हणाला. “त्यांना फांदीवर आणा.”

“डोळं न्हाई उघडलं अजून त्यांचं. पंख न्हाईत.”

“मग उडायला लागली की आणा. घाई नाही. जो स्वतः फांदीवर आला नाही त्याची भूक आम्ही कशी धरणार?”

हे ऐकून मावशीचा संताप झाला. “उडाय लागल्यावर ती कशाला त्याच्या दारात जातील? उडाय लागंस्तवर जगायचं कशावर, त्ये इचार म्हणावं.” पण विचारायला जायचं तर फांदीवर बसायला हवं होतं, आणि मावशी गैरहजर होती.

ठकूनं मग सुतार पक्ष्याला गाठलं. तो आता फार थकला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो तिच्याबरोबर बगळ्याकडे आला आणि म्हणाला, “मी ‘कुणाचंही’ असं कोरलं होतं. तेव्हा ह्या फांदीला पालवीसुद्धा फुटली नव्हती.” बगळ्यानं त्याचा मोठा मान केला. एवढंच नव्हे, पायाखाली बघत तो बुंध्यापर्यंत खाली आला. इतक्या वर्षांत साल वाढून अक्षरं बुजत चालली होती, हे त्यानं स्वतः पाहिलं आणि तो हळहळला. “सुतारकाका, ही ओळ म्हणजे आपल्या रानाचं भूषण. ती अशी बुजू देणं शोभत नाही. येत्या उत्सवात तिचं काहीतरी केलं पाहिजे.” सुतार ठकूकडे न बघता उडून गेला. पिलांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्सवाचं कारण असं होतं की, गेले आठ दिवस फांदीवर कुणीच आलं नव्हतं. उपाशी पाखरांच्या पंखांत तेवढं वर उडण्याचं बळ उरलेलं नाही, असा याचा साधा अर्थ होता. सभेनं लावलेला अर्थ निराळा होता. फांदी रिकामी आहे, तेव्हा रानात भूक उरलेली नाही. दवंडी पिटली गेली. मोर नाचायला बोलावले गेले. आणि बुजलेली ओळ दुरून वाचता यावी म्हणून तिच्या प्रत्येक अक्षराच्या खाचेत ढोलीतले पांढरेशुभ्र ज्वारीचे दाणे दाबून बसवण्यात आले. एकेका अक्षराला एकेका घरट्याच्या आठवड्याचं अन्न लागलं. ओळ खरोखरच फार सुंदर दिसत होती.

त्या सकाळी ठकूचं धाकटं पिलू तोंड उघडेना. दोघं थोरले चोच वासून ओरडत होते. हे मान टाकून पडलं होतं. ठकूचं पान आदल्या दिवशीच वाळलं होतं. मावशीला पिलांपाशी बसवून ती अर्धी उडत, अर्धी चालत झाडापाशी आली आणि तिला ती ओळ दिसली. तिला वाचता येत नव्हतं. तिला दाणे दिसले.

खालच्या अंगाचं एक अक्षर तिच्या उंचीला होतं. तिनं त्यातला एक दाणा उपटला. दुसरा उपटला. तिसऱ्याला चोच लावली तोच कोतवालानं वरून झेप घेऊन तिच्या पंखावर टोच मारली.

“हा ठराव आहे,” कोतवाल म्हणाला. “ठराव खायचा नसतो.”

“माझं पिलू मरतंय, दादा.”

“ते खरं असेल. पण पाहुणे येतील तेव्हा अक्षर अर्धं दिसलं तर जाब मलाच द्यावा लागेल.” आणि त्यानं तिच्या चोचीतले दोन्ही दाणे काढून घेऊन होते तिथे परत बसवले. तो काही दुष्ट नव्हता. त्याच्याही घरट्यात पिलं होती, पण त्यांना पहाऱ्याचे दाणे मिळत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुखरा पंख ओढत ठकू घरी पोचली तेव्हा मावशी वाटीच्या बाहेर बसली होती. धाकट्याची मान वाटीच्या काठावरून बाहेर लोंबत होती. थोरले दोघं त्याच्या अंगावर चढून तोंड उघडत होते.

ठकू रडली नाही. बराच वेळ ती त्या उघड्या तोंडांकडे बघत राहिली. मग तिनं धाकट्याला मानेपाशी चोचीत धरलं.

“कुठं घिऊन चाललीस त्येला?” मावशीनं विचारलं.

ठकूनं त्याला क्षणभर खाली ठेवलं. “त्यो म्हणला व्हता ना, फांदीवर आण. आणते. आज तरी त्यो मागं वळून बघंल. बघायलाच लावते त्येला.”

दुखऱ्या पंखानं ती कशी वर गेली ते तिचं तिला ठाऊक. उत्सवाची गर्दी खाली होती. वर फांदी रिकामी होती. बगळा नेहमीसारखा पाठमोरा उभा होता. ठकूनं पिलाला फांदीच्या टोकाच्या बेचक्यात बसवलं, मान एका बाजूच्या डहाळीला टेकवली, आणि स्वतः दूर सरकली. मग ती वाट बघू लागली. राघू किंचाळेल, बगळा वळेल, आणि एकदा का त्यानं हे तोंड पाहिलं की सगळं कळेल, असं तिला अजूनही वाटत होतं.

फांदी हललीसुद्धा नाही.

“रिकामं पोट,” राघू धाग्याकडे बघत ओरडला. “पात्र.”

गर्दी आवरून वर आलेल्या कोतवालानं मात्र पिलाचा चेहरा पाहिला. तो राघूच्या कानाशी काही पुटपुटला. राघूनं थोडा विचार केला. “नियमांत फांदी आहे, धागा आहे, तीन सकाळी आहेत,” तो म्हणाला. “श्वासाबद्दल काही नाही.” कोतवाल मोरांचा नाच बघायला निघून गेला.

“सरकार,” ठकू म्हणाली. “सरकार, मागं बघा.”

“बघायची गरज नाही, बाई. तुमच्या पिलाची भूक सिद्ध झाली,” पाठमोरा बगळा समाधानानं म्हणाला. “पाहिलंत, मी म्हणत होतो ना, आणा म्हणून? आता उद्या आणि परवाही आणा. परवा पान मिळेल.”

ठकूनं पिलाला उचललं आणि ती खाली आली. तिच्या मनात होतं, मावशीपाशी जाऊन मोठ्यानं रडायचं. पण वाटीशी तिची सावली पडली आणि दोन लाल तोंडं उघडली.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा फांदीवर गेली. मावशीनं धाकट्याला मुंग्या लागू नयेत म्हणून रात्रभर गवतात गुंडाळून आपल्या पंखाखाली ठेवलं होतं. तिसऱ्या सकाळीही ती गेली. त्या दिवशी ते पिलू पहिल्या दिवसापेक्षा हलकं झालं होतं. राघूनं पात्र म्हणून पुकारलं आणि ताजं हिरवं पान धाकट्याच्या चोचीपाशी ठेवलं. त्या पानावरचे चोचभर दाणे ठकूनं घरी आणले, दगडावर चेचले आणि थोरल्या दोघांच्या तोंडात घातले. ते दोघं जगले. धाकट्याला मग मावशीनं नदीकाठच्या मऊ मातीत पुरलं.

ही गोष्ट लपवायची, असं ठकूनं ठरवलं होतं. पण ढेकळाआड राहणाऱ्या मुनियेनं तिच्याकडे बघून विचारलं, “ठकूताई, तुला पान कसं मिळालं गं?” मुनियेच्या पोटाची खळगी झाली होती आणि तिच्या घरट्यात चार होती, त्यांतलं एक सकाळपासून हलत नव्हतं. ठकूला खोटं बोलता आलं नाही.

चौथ्या सकाळी बगळा धाग्यासमोर येऊन उभा राहिला. खाली बुंध्यावरची ओळ दाण्यांनी पांढरी चमकत होती. फांदीपासून बुंध्यापर्यंत आणि बुंध्यापासून पार करपलेल्या माळापर्यंत रांग लागली होती. मुनिया होत्या, होले होते, लाव्या होत्या, चिमण्या होत्या, सगळ्या आया. रांगेत ढकलाढकली नव्हती, गलका नव्हता. कुणी बोलत नव्हतं, कारण प्रत्येकीच्या चोचीत काही ना काही धरलेलं होतं.

“इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही,” पाठमोरा बगळा म्हणाला.

राघू पुकारत राहिला. पात्र. पात्र. पात्र. कोळी सकाळपासून नवा धागा तयार ठेवून बसला होता. त्या दिवशी त्याला एकदाही उठावं लागलं नाही.